कडक बोर्ड घेण्याआधी पायातले बूट बघ

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र पाठवणारा बेळगावचाच, वय छत्तीस, उद्यमबागेत घरचं मशीन शॉप आहे. नोकरीसाठी काही वर्षं कॅनडातल्या कॅल्गरीला होता, तिथं स्नोबोर्ड शिकला, लेक लुईस आणि सनशाइनच्या उतारांवर भरपूर फिरला. आता परत आलाय, दर हिवाळ्यात आठ-दहा दिवस गुलमर्ग, आणि दोन-तीन वर्षांतून एकदा युरोप किंवा जपान जमवायचा विचार. उंची पाच फूट दहा, वजन ८६ किलो, बूट यूके १० नंबर. जुना बोर्ड १५६ सेंटिमीटरचा, मऊसर ट्विन (दोन्ही टोकं सारखी), वेस्ट म्हणजे मधली रुंदी २५० मिलिमीटर, आता एजजवळ, म्हणजे कडेच्या धारेजवळ, थर सुटायला लागलेत. तक्रारी तीन. स्पीडमध्ये हील साइडला, म्हणजे टाचेकडच्या कडेवर वळताना, बोर्ड सटकतो, खोल पावडरमध्ये, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात, नोज (पुढचं टोक) बुडतो आणि मागची मांडी पेटते, आणि चौथ्या दिवशी पाय पार संपतात. मित्रांचा ग्रुप म्हणतो एक्सपर्टनं फुल कॅम्बर (पूर्ण लांबीत कमान) आणि सगळ्यात कडक फ्लेक्सच (वाकण्याचा कडकपणा) घ्यायचा, मऊ बोर्ड शिकाऊंसाठी. बायको म्हणते दहा दिवसांसाठी लाखभर कशाला घालायचे, भाड्यानं घ्या. नातेवाईक म्हणतात बेळगावात बर्फ कुठाय. कुठले बोर्ड बघायचे आणि न्यायचे कसे हेही विचारलंय, पण मुख्य प्रश्न असा: "ताई, मी जोरात चालवणारा माणूस आहे, दोन बोर्ड परवडत नाहीत, एकच ऑल-माउंटन घ्यायचाय, तर सगळ्यात कडक घेऊ ना?"

भावा, तुझं पत्र नीट वाचलं आणि मला आवडलं ते हे की तू तक्रारी अगदी कारखान्यातल्या माणसासारख्या लिहिल्यास, कुठं काय होतंय ते नेमकं. त्यामुळं उत्तर द्यायला सोपं जातंय. पण तक्रारी एवढ्या नेमक्या लिहून तू उपाय मात्र ग्रुपचा उचललास. त्या तीन तक्रारी मी पुन्हा पुन्हा बघितल्या आणि मला त्यातल्या एकाही तक्रारीवर "सगळ्यात कडक बोर्ड" हा इलाज दिसत नाही. दोन तर उलट वाढतील.

हील साइडपासून सुरू करू, कारण बोर्ड मऊ आहे म्हणून सटकतो अशी तुझी खात्री झालेली दिसते. असेलही थोडं, १५६ आणि मऊसर म्हणजे ८६ किलोला तो लहानच आहे. पण यूके १० चा बूट आणि २५० ची वेस्ट हे गणित आधी मांड की. त्या बूटाचा सोल बाहेरून साधारण साडेएकतीस सेंटिमीटर भरतो, तुझा कदाचित थोडा कमी-जास्त असेल, तू मोजून बघ. बोर्ड पायाखाली वेस्टपेक्षा जरा रुंद असतो, धर सव्वीस-सव्वासव्वीस. बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डावर धरून ठेवणारी पकड, पंधरा अंशात फिरवलं तरी बूट आडवा तीस सेंटिमीटरच्या वर जातो. म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून चार सेंटिमीटर बाहेर, आणि बाइंडिंगची डिस्क नीट मध्यावर नसेल तर एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला एक असंही होऊ शकतं. आता तू जोरात वळतोस, बोर्ड खूप कलतो, टाच किंवा बाइंडिंगचा हील कप बर्फाला लागतो, एज उचलली जाते आणि तू खाली. हळू चालवणाऱ्याला हे कधीच कळत नाही कारण तो तेवढा कलतच नाही. जुन्या बाइंडिंगचा हील कप आणि बूटाची टाच उलटी करून बघ, मागच्या काठाला घासल्याच्या खुणा असतील तर चोर तिथंच सापडला. बोर्ड दुप्पट कडक घेतलास पण रुंदी तीच ठेवलीस तर तो दुप्पट जोरात सटकेल एवढंच.

दुसरा संशय बूटांवर. तू पत्रात बूटांबद्दल एकच ओळ लिहिलीस, कॅल्गरीला घेतलेले, अजून चांगले आहेत. भावा, बूट बाहेरून चांगला दिसतो, आतला लायनर दबून गेलेला असतो. बूट घाल, नीट बांध, गुडघे वाक आणि टाच उचलायचा प्रयत्न कर. टाच आत सहज उचलली जात असेल तर तू हील एजवर दाब द्यायला लागल्यावर आधी तुझा पाय बूटात सरकतो, मग बूट बाइंडिंगमध्ये दबतो, आणि मग कुठं बोर्डाला कळतं. या उशिरामुळं माणूस जास्त जोर लावतो, बोटं आवळून धरतो, पोटऱ्या आणि मांड्या दिवसभर ताणलेल्या राहतात. चौथ्या दिवशी पाय संपायचं एक कारण मला इथंच दिसतंय.

आणि नंबरचंही बघ. आपल्याकडं बहुतेक जण चपला-बूटाच्या नंबरानंच स्नोबोर्डचा बूट घेतात. तसं करायचं नाही. संध्याकाळी, म्हणजे दिवसभर पाय थोडे फुगल्यावर, भिंतीला टाच लावून उभा राहा आणि सर्वात लांब बोटापर्यंत सेंटिमीटर मोज. तेवढाच तुझा मोंडो साइझ. पाय २८ भरला आणि तुझा बूट २९ चा असेल तर तू इतकी वर्षं एक नंबर मोठ्या बूटात फिरतोयस. बरोबर बसलेल्या बूटात सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढं टेकतात आणि गुडघे वाकवले की जरा मागं येतात, पहिल्या दिवशी घट्टच वाटतं. तर माझा पहिला सल्ला हाच की बजेटमधले पहिले पैसे बूटाला, आणि बूट पायात घालून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही, ऑनलाइन स्वस्त मिळाला तरी नाही. बाहेरची ट्रिप ठरली असेल तर तिथल्या दुकानात अर्धा दिवस त्यालाच दे, तुझे जाड मोजे घेऊन जा.

आता कडकपणाकडं येते.

तू जोरात चालवतोस हे मला मान्य, त्यावर शंका नाही. पण कुठल्या बर्फावर? रॉकीजमध्ये तू जे शिकलास ते बरंचसं मशीननं रात्री दाबून ठेवलेल्या ग्रूम्ड उतारावर, सकाळी कडक आणि सपाट. तिथं फुल कॅम्बर आणि कडक फ्लेक्स म्हणजे मजा, यात वाद नाही. गुलमर्गला काय आहे? गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर. आणि तिथून खाली जे काही आहे ते बहुतेक सगळं जसं पडलं तसं. बर्फ पडल्याच्या पहिल्या सकाळी गुडघाभर पावडर, दुपारपर्यंत लोकांनी कापून काढलेले ढिगारे, दक्षिणेकडच्या उतारांवर उन्हानं वितळून परत गोठलेली पापडी, मग खाली झाडांमधून बाबरेशी किंवा तंगमर्गच्या बाजूला गेलास तर अरुंद वाटा आणि शेवटी जवळपास सपाट पट्टे जिथं स्पीड गेला की बोर्ड काढून चालायचं. तुझ्या दहा बोर्डिंग दिवसांतले आठ तरी हे असेच जाणार. बोर्ड याच्यासाठी घे, उरलेले दोन दिवस तो सांभाळून नेईल.

कॅम्बर म्हणजे काय हे तुला सांगायला नको, ट्रकचा कमानपाटा तू बघितलायस, वजन पडलं की सरळ होतो आणि सुटला की परत उसळतो. बोर्डाची मधली कमान तशीच काम करते, वजनानं दाबली जाते आणि एजची पूर्ण लांबी बर्फात रुतवते. म्हणून ग्रूम्डवर पकड जबरदस्त. पण फुल कॅम्बरमध्ये पुढचा टेकण्याचा बिंदू नोजच्या अगदी जवळ आणि खाली असतो. खोल पावडरमध्ये तो वर तरंगायला बघत नाही, तुला मागच्या पायावर बसून नोज उचलून धरावा लागतो. तुझी मागची मांडी पेटते ती यानंच, त्यात आता तुझा बोर्ड ट्विन, म्हणजे बाइंडिंगही बरोबर मध्यावर. वरून कडक नोज घेतलास तर तो वाकून वरही येणार नाही. म्हणजे दुसरी तक्रार सरळ वाढली.

त्यामुळं माझ्या मते तुला हवा तो बोर्ड असा: डिरेक्शनल (पुढचं-मागचं टोक ठरलेला) किंवा डिरेक्शनल ट्विन, पायाखाली खरा कॅम्बर आणि नोजला रॉकर, म्हणजे पुढचा भाग आधीच थोडा वर उचललेला. सेटबॅक, म्हणजे बाइंडिंगं मध्यापासून मागं, वीस मिलिमीटरच्या आसपास, आणि थोडा टेपर, म्हणजे नोज टेलपेक्षा (मागच्या टोकापेक्षा) काही मिलिमीटर रुंद, त्यामुळं टेल आपोआप बुडतं आणि तुला मागं बसावं लागत नाही. फ्लेक्स दहात सात. पण हा आकडा बघताना एक लक्षात घे की फ्लेक्सच्या आकड्याला कसलंही स्टँडर्ड नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या मोजपट्टीनं लिहिते. एकाचा सात दुसऱ्याचा पाच असू शकतो. एकाच कंपनीच्या दोन बोर्डांची तुलना करायला तो आकडा ठीक, दोन कंपन्यांची करायला नाही.

आणि ग्रुपमध्ये कुणीच बोलत नाही ते म्हणजे पिळाचा कडकपणा. लांबीत वाकणं वेगळं, आणि एक पाय इकडं एक तिकडं असं पिळणं वेगळं. फायबरग्लास तीन दिशांनी विणलेला असेल तर पिळाला कडक, दोन दिशांचा असेल तर जरा नरम आणि माफ करणारा. कडक उतारावर एज सुटू नये यासाठी तुला पिळाचा कडकपणा जास्त लागतो, लांबीतला नाही. तेव्हा लांबीत मध्यम-कडक आणि पिळाला चांगला भक्कम असा बोर्ड बघ, स्पीडमध्ये धरून ठेवेल आणि झाडांमध्ये पटकन फिरेलही. अजून एक म्हणजे वजन. आज हलकं म्हणजे भारी असं झालंय, सगळीकडं कार्बन. पण कापलेल्या दुपारच्या बर्फात एकदम हलका बोर्ड नुसता थरथरतो, प्रत्येक ढेकूळ पायात जाणवतं, आणि ते झटके तुझे गुडघे खातात. जोरात चालवणाऱ्याला जरा भरीव, झटके गिळणारा बोर्ड बरा. लाकूड, काच आणि थोडा रबर असलेला बोर्ड शंभर-दोनशे ग्रॅम जड असला तरी दुपारी दोन वाजता तुला आवडेल.

नावं विचारलीस म्हणून सांगते. तुझ्या ग्रुपच्या मनात आहे तसला बोर्ड म्हणजे बर्टन कस्टम एक्स, फुल कॅम्बर आणि कडक, उत्तम बोर्ड आहे, पण तुझ्या आठ दिवसांसाठी नाही. मी सांगते त्या साच्यातले म्हणजे जोन्स फ्लॅगशिप, तो या जातीत कडक बाजूलाच आहे, आणि कॅपिटा मर्क्युरी, तो जरा खेळकर आणि ट्विनच्या जवळचा. दोन्ही वाइड साइझमध्ये येतात. गोठलेल्या पापडीवर फार त्रास होत असेल तर लिब टेकची नागमोडी एज, मॅग्नेट्रॅक्शन म्हणतात ती, बघायला हरकत नाही. काहींना पावडरमधून ग्रूम्डवर आल्यावर ती जरा चिकटल्यासारखी वाटते, तेव्हा आधी चालवून बघ. बर्टन घेतलास तर त्यांच्या चॅनलवर, म्हणजे बाइंडिंग बसवायच्या खाचेवर, तुझी जुनी बाइंडिंगं बसतात का, तशी डिस्क आहे का, तेवढं विचारून घे, कारण त्यांची ईएसटी बाइंडिंगं दुसऱ्या बोर्डावर बसत नाहीत आणि मग अडकतोस.

साइझ. तुझं वजन ८६, त्यात पाठीवर हिमस्खलनाचं सामान, पाणी, जाकीट धरून सहा-सात किलो, म्हणजे बोर्डावर ९२-९३. १५९ ते १६२ घे. रुंदी २६० ते २६५. पाय खरोखर २८ निघाला आणि तू बूट एक नंबर लहान घेतलास तर २५८ सुद्धा चालेल, म्हणून म्हणते आधी बूट मग बोर्ड. साइडकट रेडियस, म्हणजे कडेच्या आतल्या कमानीची त्रिज्या, आठ मीटरच्या आसपास, सातचा बोर्ड स्पीडमध्ये तुला नको तिथं आत ओढतो. बेस, म्हणजे बोर्डाचा तळ, सिंटर्ड प्रकारचा, तो मेण शोषतो आणि पळतो, त्या सपाट पट्ट्यांवर तोच तुला चालण्यापासून वाचवेल, अट एकच की मेण वेळेवर लावायचं.

हेच दुसऱ्या कुणाला लागू करायचं असेल तर आकडे तसेच उचलू नका. साठ किलोच्या मुलीला दहात सातचा फ्लेक्स हा तुझ्या नऊसारखा लागेल. आणि जे मनालीकडं सोलंगला नुकतेच शिकलेत, वळणं अजून घासत घेतात, त्यांनी चार-पाचचा फ्लेक्स आणि छोटा बोर्ड घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. आणि तुमच्यातला कुणी खरोखर ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडला राहत असेल, दर शनिवार-रविवार सकाळच्या ग्रूम्डवर कार्व्हिंग करत असेल, नव्वद किलोचा असेल, तर घ्या की फुल कॅम्बर आणि नऊचा फ्लेक्स, त्याच्यासाठीच तो बनवलाय.

आता पायांबद्दल. हे तुला आवडणार नाही पण बोलते. तू वर्षातले साडेअकरा महिने बेळगावात, साडेसातशे मीटर उंचीवर, खुर्ची आणि मशीनमध्ये, आणि मग एकदम चार हजार मीटरच्या जवळ जाऊन दिवसाला पाच-सहा रन. कडक बोर्डाला प्रत्येक वळणात वाकवायला ताकद लागते, पाय थकले की कडक बोर्ड तुलाच चालवायला लागतो, आणि थकलेल्या पायांनी झाडांमध्ये ते धोक्याचं आहे. बोर्ड पहिल्या दिवसाच्या पायांसाठी घेऊ नकोस, पाचव्या दिवसाच्या पायांसाठी घे. आणि पायही तयार कर. ऑक्टोबरपासून आठवड्यात दोनदा येळ्ळूरचा राजहंसगड चढ-उतार, उतरताना हळू, कारण बोर्डिंगला लागणारी ताकद मांडीच्या उतरण्याच्या कामात असते. शिवाय बैठका. आपल्या भागात तालमींची कमी नाही, कुठल्याही वस्तादाला विचार, योग्य बैठक कशी मारायची ते तो दाखवेल.

पैशांची गोष्ट. बायकोचं म्हणणं मी सहज उडवून लावणार नाही, तिचं अर्धं बरोबर आहे. बाहेर चांगला बोर्ड पाचशे ते आठशे डॉलरला मिळतो, बूट-बाइंडिंग धरून, मागवायचा खर्च आणि कस्टम धरून लाखाच्या वर सहज जातं. तिला हे दाखव की बूट तुझे स्वतःचे पाहिजेतच, ते भाड्यानं घ्यायची गोष्ट नाही. बोर्डाच्या बाबतीत तिचं ऐक, पण एक मोसम. या जानेवारीत नवीन बूट घालून जा, जुना बोर्ड घरी ठेव, आणि गुलमर्गच्या भाड्याच्या दुकानांत चांगले बोर्ड कुठं आहेत ते आधी फोनवर विचारून, दोन-तीन वेगळे बोर्ड दोन-दोन दिवस चालव. एक रुंद कॅम्बर-रॉकर, एक कडक कॅम्बर मिळाला तर तोही. मिळेल ते तुला हवं तसंच असेल असं नाही, एज बोथट असतील, तरी रुंदीचा आणि नोजचा फरक पहिल्या तासात कळतो. मग मार्च-एप्रिलमध्ये, मोसम संपताना, गेल्या वर्षीचा मॉडेल सवलतीत निघतो तेव्हा घे. वर्षाला दहा दिवस चालणारा बोर्ड नीट ठेवला तर कित्येक वर्षं टिकतो, म्हणजे तू हा बोर्ड चाळिशीतही चालवणार आहेस, तेही धर.

आणि एका खर्चावर मी अडून बसणार. पत्रात ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस शोधायचं सिग्नल यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) याचा उल्लेख नाही. अफरवटवर २०२३ च्या फेब्रुवारीत हिमस्खलनात परदेशी स्कीयर गेलेत, तेही अनुभवी लोक. दोन नंबरच्या टप्प्यावरून गोंडोलाची हद्द सोडून जाणार असशील तर या तीन वस्तू, त्या वापरायचं शिक्षण, सोबत तसंच सामान असलेला जोडीदार, आणि सकाळी स्की पेट्रोलची सूचना वाचल्याशिवाय वर नाही. हे सगळं आणि बोर्ड एका वर्षात बसत नसेल तर बोर्ड पुढच्या वर्षी. यात मला काहीही तडजोड दिसत नाही.

नातेवाईकांचं मनावर घेऊ नकोस. बर्फाशी आपलं नातं नाही असं नाहीच. गुलमर्गचं सैन्याचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल १९४८ मध्ये स्की स्कूल म्हणून सुरू झालं ते जनरल थिमय्यांच्या हाताखाली, आणि ते आपल्याच राज्यातले, कोडगूचे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरच्या या गावात काश्मीरच्या बर्फात पहारा देऊन आलेला माणूस गल्लोगल्ली सापडेल. तो तुला हसणार नाही.

न्यायचं कसं ते पण विचारलंस. १६० चा बोर्ड बॅगेत घातला की पावणेदोन मीटरच्या जवळ जातो, तेव्हा सांबऱ्याच्या विमानतळावरून जाणार असशील तर तिकीट काढायच्या आधी विमान कंपनीला बॅगेची लांबी सांगून लेखी होकार घे, छोट्या विमानात अडचण येऊ शकते. नाहीतर गोवा एक्स्प्रेस बेळगावहून थेट निजामुद्दीनला जाते, तिथून पुढं श्रीनगरचं विमान.

शेवटचं, आणि तुझ्या धंद्यामुळं हे मुद्दाम लिहिते. शॉपमध्ये ग्राइंडर आहे म्हणून एजला ग्राइंडर लावू नकोस. उष्णतेनं एजचं पाणी उतरतं आणि खालचा इपॉक्सी सुटतो, तुझ्या जुन्या बोर्डाचे थर असेच सुटले नाहीत ना ते आठवून बघ. हातातली बारीक कानस आणि कोनाचा गाइड, बाजूनं ८९ अंश, बेसकडून एक अंश, पुरे. मेणासाठी कपड्यांची इस्त्री वापरायची झालीच तर अगदी कमी तापमानावर, मेणातून धूर आला म्हणजे जास्त तापली, आणि ती इस्त्री परत कपड्यांना नाही. आपल्या पावसाळ्यात उघड्या एज आठवड्यात गंजतात, म्हणून गुलमर्गहून परत आलास की बोर्ड पूर्ण वाळव, बाइंडिंगचे स्क्रू सैल कर, बेस आणि एज दोन्हीवर मेणाचा जाड थर दे आणि तो खरवडू नकोस, तसाच ठेव. पश्चिमेच्या ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नकोस, माळ्यावर पत्र्याखालीही नको, कपाटाच्या मागं आतल्या खोलीत आडवा ठेव. बूटांचे लायनर बाहेर काढून वेगळे.

पायाचं आणि बूटाच्या सोलचं माप घेतलंस की मला पाठव, बाइंडिंगचे अंश पण लिही, रुंदीचा आकडा आपण दोघं बसून पक्का करू.